पक्के लायसन, कच्ची विद्या

सोमवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. गावाचे नाव बदलते, जीपऐवजी मोटार येते, मृतांचा आकडा दोनाचा चार होतो. बाकीचा मजकूर तोच. देवदर्शन करून परतणारे कुटुंब असते, लग्नाचे वऱ्हाड असते, नाहीतर वाढदिवसाला ढाब्यावर जेवायला गेलेली चार मुले असतात. वेळ बहुधा पहाटेची. आणि पहिल्याच परिच्छेदात ते वाक्य येते : ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.’ पूर्वी छापखान्यात खिळे जुळवत, तेव्हा हे वाक्य जुळवूनच ठेवत असतील, असे मला वाटते.

मी निम्मे आयुष्य बँकेत काढले आणि उरलेले कादंबऱ्या लिहिण्यात. दोन्ही कामांत शब्द वाजवून घ्यायची सवय लागते. ‘ताबा’ हा शब्द तर बँकेत फार जपून वापरतात. एखाद्या वस्तूचा ताबा सुटला म्हणायचे, तर तो आधी कोणाकडे होता आणि कोणत्या कागदाने आला, हे दाखवावे लागते. तोच प्रश्न या छापील वाक्याला विचारला तर काय होईल? ज्या चालकाचा ताबा सुटला म्हणतात, त्याच्याकडे तो होता का? कोणी शिकवला? कोणी तपासला?

प्रश्न किती मोठा आहे हे कळण्यासाठी थोडे आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. दिवसाला ४६२, तासाला १९. चहाचा कप हाती घेऊन आपण ही पुरवणी चाळून होईपर्यंत, म्हणजे अर्ध्या तासात, नऊ-दहा घरांत फोन वाजलेला असतो. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जण गेले. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, देशाचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या वर गेला. मरणाऱ्या दर तिघांतले दोघे १८ ते ४५ या वयाचे. म्हणजे ज्यांच्या पगारावर घर चालते, ज्यांच्या नावावर कर्ज असते, ज्यांची मुले बालवाडीत असतात, ते.

नावे घेतली म्हणजे आकड्यांना चेहरा येतो. १९८४ साली अरुण सरनाईक पुण्याहून कोल्हापूरला जाताना गेले. फेब्रुवारी २००१ मध्ये भक्ती बर्वे. डिसेंबर २०१२ मध्ये द्रुतगती महामार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे. जून २०१४ मध्ये गोपीनाथ मुंडे, दिल्लीत, केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा. प्रत्येक वेळी आपण हळहळलो आणि ‘काळाने घाला घातला’ असे म्हणालो. काळाच्या नावावर रक्कम टाकली की खाते बंद करता येते, पुढची चौकशी करावी लागत नाही. मला वाटते, आपली खरी अडचण तिथेच आहे. पटकीने माणसे मरत होती तेव्हाही आपण काळाचेच नाव घेत होतो. पुढे विहिरीच्या पाण्याकडे पाहायला शिकलो.

कर्जाचा अर्ज आणि लायसनचा अर्ज

माझ्या नोकरीच्या काळात मोटारसायकलसाठी कर्ज मागायला कोणी आले, की आम्ही त्याला काय काय विचारत असू ते आठवते. पगाराचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा, डीलरचे कोटेशन, स्वतःची मार्जिनची रक्कम, आणि दोन जामीनदार. जामीनदारांचेही पगाराचे दाखले. गाडी घेतल्यावर आरसी बुकात बँकेच्या तारणाची नोंद, विम्याची प्रत, मधूनमधून गाडी प्रत्यक्ष पाहून यायची तपासणी. एवढा खटाटोप कशासाठी, तर बँकेचे काही हजार रुपये बुडू नयेत म्हणून.

आता लायसनचा अर्ज पाहा. कच्च्या लायसनसाठी संगणकावर १५ प्रश्न. नऊ बरोबर आले की पास. ही परीक्षा २०२१ पासून घरबसल्याही देता येते. घरात बसून कोण उत्तरे देते हे सांगायला ज्योतिषी नको. मग ३० दिवस थांबायचे. तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्यासाठी जायचे. दुचाकी असेल तर ‘आठ’ काढून दाखवायचा, चारचाकी असेल तर थोडी पुढे, थोडी मागे घेऊन दाखवायची. पुण्याजवळ भोसरीसारख्या ठिकाणी खास आखलेल्या मार्गावर परीक्षा होते, तिथे काही जण नापासही होतात. पण पुष्कळ ठिकाणी मैदानाच्या एका कोपऱ्यात, रांगेत उभ्या असलेल्या पन्नास माणसांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. एजंट बाहेर झाडाखाली उभा असतोच.

त्या दोन-तीन मिनिटांत काय तपासले जाते? गाडी सुरू करता येते, वळवता येते, थांबवता येते. पावसात कशी चालवायची, समोरून पूर्ण प्रकाशझोत टाकत ट्रक आला तर काय करायचे, घाट कोणत्या गिअरमध्ये उतरायचा, थकवा आला तर कधी थांबायचे, यातले काहीच तपासले जात नाही. रात्रीची परीक्षा तर नसतेच. जणू लायसनवाल्याने सूर्यास्तानंतर घरीच बसायचे आहे.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या बाबतीत कागदावर नियम चांगले आहेत. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे हलकी मोटार शिकवायला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास हवेत. प्रत्यक्षात काय होते ते प्रत्येक घराला माहीत आहे. सकाळी एका गाडीत चार शिकाऊ. एक चालवतो, तिघे मागे बसून आपला नंबर कधी येतो ते पाहतात. क्लच आणि ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखालीही असतात, त्यामुळे बरेचदा गाडी तोच चालवत असतो आणि शिकणारा फक्त चाक धरून बसलेला असतो. महिना संपला की पक्के लायसन हातात येते. विद्या कच्चीच राहते, आणि तिला पक्के करण्याचे काम मग रस्ता करतो. रस्ता हा फार कडक मास्तर आहे. त्याच्या वर्गात पहिल्याच चुकीला नाव कमी होऊ शकते.

दुचाकीची तर शाळाच नाही. ‘सायकल येते ना, मग स्कूटर येतेच’ हे आपले शास्त्र. आमच्या पिढीने तासाच्या भाड्याने सायकल आणून, नळीखालून पाय घालून कैची मारत शिकून घेतले, गुडघे फोडून घेतले, आणि तेवढ्यावर पुढे स्कूटरवर बसलो. पण तेव्हा एक गोष्ट आपोआप घडत होती. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ती दारात येईपर्यंत माणसाचे लग्न झालेले असे, डोक्यावर घराचा भार असे, आणि स्कूटरला तर तो देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपे. आज अठराव्या वर्षी, कधी त्याच्याही आधी, ताशी शंभर किलोमीटर पळणारी गाडी हप्त्याने मिळते. टंचाईच्या काळाने जे शहाणपण सक्तीने शिकवले, ते सुबत्तेच्या काळात मुद्दाम शिकवावे लागेल.

शिकवायचे म्हणजे काय?

मंत्रालयाच्या २०२२ च्या आकडेवारीत रस्त्यावरच्या दर दहा मृत्यूंपैकी सात अतिवेगाच्या खात्यात नोंदलेले आहेत. वेग वाईट हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो किती वाईट, याचे गणित कोणी फळ्यावर मांडून दाखवत नाही. ते सातवीच्या मुलालाही कळण्याजोगे आहे.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर काही आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ते ११ मीटर फुकट गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील तर आणखी नऊएक मीटर लागतात. एकूण वीस. आता वेग दुप्पट करा, ८०. पहिल्या सेकंदाचे २२ मीटर झाले. पण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते : ३५ मीटर. एकूण ५७. वीस मीटरवर पोर चेंडूमागे धावत आले, तर ४० च्या वेगातला माणूस त्याच्यासमोर थांबतो. ८० च्या वेगातल्या माणसाचा पाय तोवर ब्रेकपर्यंत पोचलेलाही नसतो. रस्ता ओला असेल किंवा टायर गुळगुळीत झालेले असतील, तर हे आकडे आणखी वाढतात. मोबाइलवर आलेला निरोप वाचायला तीन सेकंद लागतात असे धरा. ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ५० मीटर आंधळेपणाने गेलेली असते.

दुसरे उदाहरण घाटाचे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ, कात्रजकडून येणाऱ्या उतारावर, एका जड वाहनाने पुढच्या अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला सगळे म्हणाले, ब्रेक निकामी झाले. तपासात जे पुढे आले ते असे, की चालकाने डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही ‘हुशारी’ आहे : उतार आला की न्यूट्रल. आता यात काय होते ते पाहा. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागून ओढून धरते. न्यूट्रल केले की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ते सतत दाबले गेले की तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. जड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे हवा भरणे बंद. चार-सहा वेळा ब्रेक दाबला की टाकीतला दाब उतरतो. मग वीस-तीस टनांचे धूड उतारावर मोकळे सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे जुने ड्रायव्हर सांगत. हे एक वाक्य प्रत्येक ट्रकचालकाच्या कानावर आणि गळी उतरले असते, तर किती उतारांवरची रक्ताची थारोळी टळली असती! इथे चालक दारू प्यायलेला नव्हता की झोपलेला नव्हता; त्याला जे करताना त्याने थोरांना पाहिले होते तेच त्याने केले. याला मी अज्ञान म्हणतो, आणि अज्ञानावर औषध आहे.

तिसरी गोष्ट डोके आणि पट्टा. २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले; त्यांतले १४ हजारांवर मागे बसलेले होते. पट्टा न लावलेले १६,७१५. त्यांतले निम्मे चालक नव्हते, शेजारी नाहीतर मागे बसलेले होते. चांगल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. आणि आपण? पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती निघाली आणि मोर्चेही निघाले. मानेला त्रास होतो, केस गळतात, ऐकू येत नाही, ही सगळी कारणे मी आदराने ऐकली आहेत. केस गळालेल्या माणसांकडूनही ऐकली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी चांगल्यातली चांगली होती. पण ताशी ८० च्या वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तरी आतला माणूस ८० नेच पुढे जात राहतो. त्याला अडवायला पट्टा नसेल तर पुढच्या सीटची पाठ अडवते.

एक हप्ता

माझ्या लिहिण्यात हा विषय वारंवार येतो, त्याचे कारण एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक असताना पाहिलेला एक माणूस आहे. साल १९९४. आमच्या शाखेतून एका तरुण शिक्षकाला मोटारसायकलसाठी कर्ज गेले होते. वडील शेतकरी, तेच एक जामीनदार. पहिल्या वर्षाचा विमा संपल्यावर मुलाने तो फिरवला नव्हता. पुष्कळ जण फिरवत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात, शाळेतून परतताना, अरुंद रस्त्यावर एसटीच्या पुढे काढायला गेला आणि समोरून ट्रॅक्टर आला. हेल्मेट नव्हते.

दिवस झाल्यावर पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी वडील शाखेत आले. मला वाटले, सवलत मागायला आले असतील. त्यांनी कोपरीच्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या आणि हप्ता भरला. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात मोडून पडली होती. मी त्यांना म्हणालो, ‘काका, थोडं थांबला असतात तरी चाललं असतं. आम्ही वरती लिहून पाहतो.’ ते म्हणाले, ‘साहेब, तुम्ही लिवा काय लिवायचं ते. पन पावतीवर नाव त्याचंच ऱ्हाऊ द्या.’ पुढची दोन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते येत. पावती घेत, नाव वाचता येत नव्हते म्हणून रोखपालाकडून वाचून घेत, आणि जात. आमच्या पुस्तकात ते खाते उत्तम होते. एकही हप्ता थकला नाही.

त्या मुलाला मोटारसायकल चालवता येत होती. त्याच्याकडे पक्के लायसनही होते. वळणावर पुढच्या वाहनापुढे काढायचे नाही, समोरचे जेवढे दिसते तेवढ्या अंतरात पार होणार असू तरच निघायचे, हे त्याला कोणी कधी बसवून शिकवले नव्हते, एवढेच. आपल्याकडच्या अपघातांमध्ये सापडणारे बहुसंख्य चालक लायसनवालेच असतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

खड्डे आणि रस्ते

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ‘सगळे खापर चालकावर का फोडता? रस्त्यांवर खड्डे, दुभाजकावर दिवा नाही, वळणावर फलक नाही, पदपथावर टपऱ्या. चालणाऱ्याने चालायचे कुठे?’ खरे आहे. २०२२ साली ३२,८२५ पादचारी मारले गेले. त्यांना कोणते लायसन द्यायचे? स्वीडनच्या संसदेने १९९७ साली एक तत्त्व स्वीकारले : माणूस चुकणारच, म्हणून रस्ता असा बांधा की चुकीची शिक्षा मृत्यू नसेल. आपल्याकडेही याची प्रचिती आली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०१६ साली दीडशेच्या घरात मृत्यू झाले. मग पुलांचे उघडे खांब आणि झाडे कठड्यांआड घेतली, कडेला थांबलेली वाहने हटवली, वेग मोजण्याची यंत्रे आणली, रुग्णवाहिका वेळेत पोचेल असे पाहिले. चार-पाच वर्षांत आकडा निम्म्याखाली आला. रस्ता तोच, माणसे तीच. तेव्हा बांधकाम खात्याला आणि पोलिसांना जाब विचारणे हे आपले कामच आहे.

पण चांगला रस्ता एकटा पुरत नाही, हेही आपण पाहिले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. सरळ, रुंद, खड्डा औषधालाही नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने चालवले की डोळे उघडे राहतात आणि लक्ष झोपते. वळणावळणाच्या, म्हशी आडव्या येणाऱ्या रस्त्यावर शिकलेल्या आपल्या चालकाला ही नवीन परीक्षा आहे. टायर सतत तापतात, त्यांतली हवा तपासावी लागते. दर दोन तासांनी खाली उतरावे लागते. रस्ता बदलला की अभ्यासक्रमही बदलावा लागतो.

नुसत्या शिक्षणाने सगळे साधेल, असे मात्र मी म्हणणार नाही. परदेशांतल्या अभ्यासांत असेही आढळले आहे, की निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्यासारखी कसबे तरुण मुलांना शिकवली, की त्यांचा फाजील आत्मविश्वास वाढतो आणि ती जास्त धोका पत्करतात. उपयोग होतो तो हळूहळू सूट देण्याचा. न्यूझीलंडने १९८७ पासून लायसनच्या पायऱ्या केल्या : आधी शेजारी जाणता माणूस, मग एकट्याने पण रात्री उशिरा नाही आणि सोबत मित्रांचा घोळका नाही, आणि शेवटी पूर्ण मोकळीक. जर्मनीत परीक्षेआधी गावाबाहेरच्या रस्त्यावर पाच, महामार्गावर चार आणि अंधारात तीन असे तास गुरूसोबत काढावेच लागतात. जपानमध्ये नवे लायसन मिळाल्यावर वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाची खूण लावतात, म्हणजे इतरांनी सांभाळून घ्यावे.

आपल्याकडे नमुना नाही असे नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली, तेव्हापासून ‘लाल डब्बा’ म्हणून तिची कितीही थट्टा झाली असेल. पण एसटीचा चालक निवडताना त्याची चाचणी होते, नेमणुकीआधी त्याला प्रशिक्षण मिळते, आणि वर्षानुवर्षे विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सपत्नीक सत्कार होतो. ‘मनाचा ब्रेक उत्तम ब्रेक’ हे वाक्य तिच्याच डोक्यावर वाचत आपण लहानाचे मोठे झालो. चालवण्याच्या कामाला मान असतो, हे आपल्या राज्यात एका संस्थेने तरी दाखवून दिले आहे. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रे काढायचे ठरवले आहे; त्यांत हलक्या मोटारीसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम आहे. तालुक्याच्या गावातल्या मुलाला असे केंद्र आज जवळ नाही. ते व्हावे, त्याच्या परीक्षेत रात्र आणि पाऊस असावा, दुचाकी शिकवणारे वर्ग निघावेत, आणि पहिल्या वर्षी नवशिक्यावर बंधने असावीत, ही मागणी करायला आपण आमदार-खासदारांच्या दारी जायला हरकत नाही.

किल्ली कोणाच्या हातात?

सरकारचे व्हायचे तेव्हा होईल. पण गाडीची किल्ली सरकारच्या खिळ्यावर नसते, आपल्या घरातल्या खिळ्यावर असते.

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एक बोलणे सुरू होते : ‘एवढे मार्क मिळवलेस, आता गाडी घेऊ.’ क्लास लांब आहे, बसला गर्दी असते, आईला सोडायला वेळ नाही. कारणे खरी असतात. आणि एक समजूत पक्की असते, की बिनगिअरची स्कूटर सोळाव्या वर्षी चालते. कायदा नीट वाचा. सोळाव्या वर्षी मुभा आहे ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला. शोरूममध्ये मिळणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर साधारण १०० ते १२५ सीसीच्या असतात. म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत त्यांतली कोणतीही चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मूल गाडी चालवताना सापडले तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ लायसनही नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते मारले गेले. भरधाव मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. पहिल्या दिवशी जामिनाच्या अटींत त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले, तेव्हा सगळा देश संतापला. निबंध लिहिणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्याची ताकद मला माहीत आहे. तो संताप योग्यच होता. पण रागावलेल्या आपल्यापैकी किती घरांत त्या संध्याकाळी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडून स्कूटरची किल्ली काढून घेतली गेली?

आणखी एक गोष्ट घरात बोलून ठेवण्यासारखी आहे. रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर थांबायचे. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ ही भीती जुनी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि संसदेने २०१९ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगायची सक्ती नाही, रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. १०८ वर फोन लावायला आणि जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायला लायसन लागत नाही. पहिल्या तासात उपचार मिळाले तर पुष्कळ माणसे वाचतात.

मूल अठरा वर्षांचे झाले, कच्चे लायसन आले, की मग एक काम पालकांनी स्वतःकडे घ्यावे. गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावावा आणि शेजारच्या सीटवर, स्वतःचे लायसन खिशात ठेवून, आपण बसावे. कायद्यालाही चारचाकीसाठी तेच हवे आहे. ड्रायव्हिंग स्कूलचा महिना संपल्यावरही हे चालू ठेवावे. सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर दहा तास. बाजाराच्या गर्दीत दहा तास. पावसात दहा, रात्री दहा, आणि घाटात, जाताना आणि उतरताना, दहा. मोबाइल मागच्या सीटवरच्या पिशवीत, सगळ्यांचे पट्टे लावलेले. दुचाकी असेल तर मागे बसावे, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. ओरडू नये, ओरडले की शिकणारा रस्त्याऐवजी आपल्याकडे पाहतो. रोज अर्धा-पाऊण तास धरला तर सगळे मिळून तीनेक महिन्यांचे काम आहे. मुलांच्या क्लासला आपण जी फी भरतो, तिच्या मानाने खर्च काहीच नाही : थोडे पेट्रोल, आणि आपले पन्नास तास.